धुरांतून जन्मलेलें गीत

क्रौंचवधाच्या शोकांतून आदिकाव्य जन्मास आलें, ही कथा आपल्या घरांतील मुलांसहि ठाऊक असते. डोळ्यांदेखत अनर्थ घडावा आणि त्याच्या आघातानें कलावंताची वाणी फुटावी, असें पाश्चात्य संगीतांतहि घडलेलें आहे. आम्ही वडीलधारी मंडळी ज्यास गोंगाट म्हणून दूर सारतों, त्या हार्ड रॉक प्रकारांतील ‘स्मोक ऑन द वॉटर’, म्हणजे ‘पाण्यावरील धूर’, ह्या गीताचा जन्मवृत्तान्त ऐकण्यासारखा आहे.

‘डीप पर्पल’ हा पांच इंग्रज कलावंतांचा संच १९७१ च्या डिसेंबरांत स्वित्झर्लंडमधील माँत्र्यो गांवीं आला. जिनीव्हा सरोवराच्या कांठच्या कॅसिनोंत नव्या गीतांचें ध्वनिमुद्रण करावें, असा त्यांचा बेत होता. त्यासाठीं ‘रोलिंग स्टोन्स’ संचाची मुद्रणयंत्रांनीं सज्ज अशी मोटारगाडी भाड्यानें घेतली होती. ४ डिसेंबर रोजीं तेथें फ्रँक झॅपा ह्या अमेरिकन संगीतकाराचा कार्यक्रम चालू असतां श्रोत्यांपैकीं कोणीं एकानें इशाऱ्याच्या दारूचें पिस्तूल छताकडे उडविलें. छत पेटलें आणि पाहतां पाहतां सारी इमारत भस्मसात् झाली. माँत्र्यो जाझ महोत्सवाचे एक संस्थापक क्लोद नोब्स ह्यांनीं आंत अडकलेल्या मुलांस बाहेर काढिलें. सुदैवानें प्राणहानि झाली नाहीं. सरोवरावर पसरणारा धूर हे कलावंत हॉटेलांतून पाहत राहिले. पुढें एके सकाळीं जागें होतांना संचांतील रॉजर ग्लोव्हर ह्याच्या ओठीं गीताचें नांव आलें.

संकट तेथें संपलें नाहीं. दुसऱ्या नाट्यगृहांत वादन सुरू होतांच शेजाऱ्यांनीं तक्रार केली व पोलीस आले. अखेर हिवाळ्यामुळें बंद असलेल्या ग्रँड हॉटेलांत, गाद्या उभ्या करून आवाज आवरीत, उरलेलें काम तडीस गेलें.

ह्या गीताच्या आरंभीं रिची ब्लॅकमोरनें गिटारीवर वाजविलेली स्वरावली अवघ्या चार स्वरांची आहे. आधीं एकटी गिटार, मग झांज, ऑर्गन, ढोल आणि खर्ज हीं एकामागून एक येऊन मिळतात. नवशिका मुलगाहि ती थोड्या सरावानें वाजवूं शकतो. रागविस्तारावर पोसलेल्या आमच्या कानांस हें वादन कर्कश लागतें, हें मी नाकारीत नाहीं. परंतु शब्दरचना पाहिली म्हणजे जुना मास्तर थबकतो. कोण कोठें आले, काय जळालें, कोणीं धांव घेतली, मग काम कसें पुरें झालें, एवढेंच त्यांत सांगितलें आहे. ‘जें पाहिलें तेंच लिहा’ असें मी निबंधाच्या तासाला वर्षानुवर्षें सांगत आलों. मुलें मात्र अलंकारांमागें धांवत.

गीत १९७२ च्या मार्चमध्यें ‘मशीन हेड’ ह्या संग्रहांत आलें. त्याच्या यशाची कल्पना खुद्द कर्त्यांसहि नव्हती. १९७३ सालीं स्वतंत्र तबकडी निघाली व ती अमेरिकेंत चौथ्या क्रमांकापर्यंत चढली. १९८८ च्या डिसेंबरांत आर्मेनियांत भूकंपानें हाहाकार केला, तेव्हां ब्लॅकमोर, गायक इयन गिलन व इतर संचांतील कलावंतांनीं पीडितांच्या साहाय्यार्थ हेंच गीत पुनः मुद्रित केलें. स्वतःच्या विपत्तीची सरळ हकीकत अशी परक्यांच्या विपत्तींत कामास आली. नातवाच्या खोलींतून ते चार स्वर ऐकूं आल्यास, दार लोटण्यापूर्वीं एकवार ही कथा त्यालाच सांगावयास लावावी.