बैठकीआधीची दिल्ली

मुंबई, पुणे, नागपूरहून कामासाठी वरचेवर दिल्लीला जाणारी माणसे थोडीथोडकी नाहीत. कुणाची फाइल मंत्रालयात अडलेली असते, कुणाचे मुख्य कार्यालय तिथे असते, कुणाला निविदेसाठी हजर राहायचे असते. अशा दहा खेपा झाल्यावरही अनेकांची दिल्ली विमानतळ, टॅक्सी, बैठकीची खोली आणि हॉटेलातला नाश्ता यांच्यापुढे सरकत नाही. विचारले तर उत्तर ठरलेले, वेळच मिळत नाही. ते अर्धेच खरे आहे. दिवसाचा मोकळा वेळ असतो, पण तो आपण संध्याकाळी शोधतो. काम आटोपले की एखादी वास्तू पाहून घेऊ, हा बेत कागदावर चांगला दिसतो आणि बहुतेक वेळा फसतो.

फसण्याची कारणे साधी आहेत. पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातल्या बहुतेक वास्तू सूर्योदयाला उघडतात आणि सूर्यास्ताला बंद होतात. डिसेंबरात दिल्लीचा सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो, म्हणजे कार्यालयातून बाहेर पडेपर्यंत फाटकाला कुलूप. हुमायूनचा मकबरा किंवा सफदरजंगचा मकबरा यांच्यासारख्या काही जागा रात्रीपर्यंत खुल्या ठेवण्याचा निर्णय 2019 मध्ये झाला, हे खरे. पण वास्तू उघडी असून भागत नाही, आपण मोकळे असावे लागते. चारची बैठक सहापर्यंत लांबते, यजमान जेवायला नेतात, आणि त्या वेळी रस्त्यावर वाहने मुंगीच्या पावलाने चालतात. संध्याकाळवर चार जणांचा हक्क असतो. सकाळी सहा ते नऊ या वेळेवर मात्र कुणीच हक्क सांगत नाही. जूनमध्ये तर दिल्लीत साडेपाचच्या आधीच उजाडते.

लोधी रोडचेच उदाहरण घ्या. सीजीओ कॉम्प्लेक्स, स्कोप कॉम्प्लेक्स, इंडिया हॅबिटाट सेंटर अशा कामाच्या जागा या रस्त्याला लागून आहेत, त्यामुळे महाराष्ट्रातून येणाऱ्यांची इथे वर्दळ असते. याच रस्त्याच्या आसपास, सुमारे चार किलोमीटरांच्या पट्ट्यात, तीनशे वर्षांचा इतिहास ओळीने उभा आहे. लोधी उद्यानात 1445 च्या सुमारास वारलेल्या मुहम्मदशाह सय्यदची अष्टकोनी कबर आहे आणि तिथून थोड्या अंतरावर 1517 मध्ये वारलेल्या सिकंदर लोधीची. खैरपूर नावाचे गाव हलवून इंग्रजांनी 1936 मध्ये इथे बाग केली. प्रवेशाला पैसे नाहीत आणि बाग पहाटेच उघडते. रस्त्याच्या पूर्व टोकाला निजामुद्दीन आणि 1572 च्या सुमारास पुरा झालेला हुमायूनचा मकबरा आहे. ताजमहाल त्यानंतर साठ वर्षांनी सुरू झाला. त्याच भागात अब्दुर्रहीम खानखानाचा मकबरा आहे. दोहे लिहिणारा हाच रहीम मोगल फौज घेऊन चांदबिबीच्या अहमदनगरवर चालून आला होता. पश्चिम टोकाला सफदरजंगचा मकबरा आहे. या वजिराने पठाणांविरुद्ध मल्हारराव होळकर आणि जयाप्पा शिंदे यांची फौज मदतीला बोलावली होती. 1754 मध्ये तो वारला. त्याची कबर बांधणारा मुलगा शुजाउद्दौला 1761 मध्ये पानिपतावर अब्दालीच्या बाजूला उभा होता. बांधकामाला लागणारा संगमरवर आणि तांबडा दगड रहीमच्या कबरीवरून काढून आणला गेला. एका टोकाचा मकबरा सोलून दुसऱ्या टोकाचा उभा राहिला! मराठी माणसाला हे सगळे शाळेपासून ऐकून माहीत असते, पण या जागा कार्यालयापासून रिक्षाने दहा मिनिटांवर आहेत हे माहीत नसते.

यावर पहिला आक्षेप असा की तासाभरात काय पाहणार? उरकून टाकायचे असेल तर काहीच नाही. पण एका सकाळी एकच जागा ठरवली तर तास पुरतो. सिकंदर लोधीची कबर आणि बडा गुंबद निवांत पाहायला त्याहून जास्त लागत नाही. निवांत पाहायला कुटुंबासोबत येऊ, असेही म्हटले जाते. जरूर यावे. पण कुटुंबाच्या सहलीत लाल किल्ला, कुतुबमिनार, अक्षरधाम आणि खरेदी यांतच दिवस संपतात. सय्यद घराण्याच्या कबरीसाठी मुलांना पहाटे उठवणारे आईबाप विरळाच. एकट्या बाईने सकाळी कुठे जायचे, ही शंका रास्त आहे. लोधी उद्यानात मात्र त्या वेळी फिरायला आलेल्यांची चांगली गर्दी असते.

कंपनीच्या पैशाने फिरणे बरे नव्हे, हा आक्षेप जास्त गंभीर आहे. त्यातही फरक करायला हवा. कामाच्या आधीचा तास हा आपल्या झोपेतला तास आहे, कंपनीचा नाही. त्या फेरीचे रिक्षाभाडे आणि तिकीट आपल्या खिशातून द्यावे, म्हणजे प्रश्नच उरत नाही. शनिवार जोडून मुक्काम वाढवायचा असेल तर मात्र वरिष्ठांना आधी सांगावे आणि त्या रात्रीचे बिल स्वतः भरावे. थकव्याचे म्हणाल, तर माणूस बागेत फिरून थकत नाही. पहाटे तीनला उठून पहिले विमान पकडल्याने थकतो. आदल्या संध्याकाळी पोहोचलात तर सकाळ आपोआप हाती येते. नोव्हेंबर ते जानेवारी या काळात धुरके आणि धुके दोन्ही असतात, उजाडतेही उशिरा. तेव्हा पहाटेचा हट्ट सोडलेलाच बरा.

वस्तुसंग्रहालयांना हा उपाय लागू पडत नाही, कारण ती दहाच्या सुमारास उघडतात. त्यांच्यासाठी परतीचे विमान रात्रीचे घ्यावे आणि काम दुपारी संपेल असे पाहावे. राष्ट्रीय संग्रहालय आणि लाल किल्ला सोमवारी बंद असतात, हेही ध्यानात ठेवावे. म्हणजे हे सगळे दिल्लीत पोहोचण्याआधीच ठरते. पुढच्या खेपेला बैठकीचा पत्ता कळला की हॉटेलचे दर पाहण्याआधी नकाशा उघडा, कार्यालयापासून दोन-तीन किलोमीटरांत काय आहे ते शोधा आणि खोली त्याच्या जवळची घ्या.