खिडकीतला पापड

एप्रिलमधल्या एका दुपारी आमच्या खिडकीत एक पाहुणा भिरभिरत आला. रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडासा मोठा, गोल आणि कागदासारखा पातळ. उजेडासमोर धरला, तर आत शिरांचं नाजूक जाळं आणि मधोमध एक चपटं बी. म्हणजे हा पापड नव्हे, फळ होतं! बीभोवती पंख असलेलं. पंखामुळे ते सावकाश खाली येतं आणि वारा त्याला आईच्या सावलीपासून दूर नेऊन टाकतो.

पण आई कोण? मी वाऱ्याच्या उलट दिशेला निघाले. कोपऱ्यावर एक उंच झाड होतं. मार्चमध्ये ते हिरवंगार दिसलं होतं. मला वाटलं, पालवी फुटली! आता जवळ जाऊन बघते तर काय, ती पालवी नव्हतीच. निष्पर्ण फांद्यांवर हिरव्या फळांचे घोस लटकले होते आणि आता ते वाळत होते. खरी पालवी आत्ता कुठे येत होती.

मग पानांची तपासणी. एक पान केवढं, हे कसं ओळखायचं? देठ फांदीला चिकटतो तिथे, बगलेत, बारीकसा डोळा म्हणजे कळी शोधायची. कडुनिंबाच्या छोट्या 'पानां'च्या बगलेत डोळा सापडत नाही, कारण त्या पर्णिका असतात. अख्खी काडी मिळून एक पान! आमच्या झाडाच्या मात्र प्रत्येक पानापाशी डोळा होता. पानं साधी, एक इकडे तर पुढचं तिकडे, कडा गुळगुळीत. एक पान चुरगाळलं आणि... शी! काय तो वास!

पंखवालं गोल फळ, साधं पान आणि हा वास. सापडला चोर! हा तर वावळ. हिंदीत चिलबिल. शास्त्रीय नाव होलोप्टेलिया इंटेग्रिफोलिया. त्यातल्या इंटेग्रिफोलियाचा अर्थच 'अखंड कडांच्या पानांचा'.

पावसाळ्यात त्याच झाडाखाली इवलीशी रोपं उगवली. त्यांच्या पानांच्या कडा चक्क करवतीसारख्या दातेरी! वावळाची बाळं अशीच असतात. मोठी झाली की दात जातात.

तुम्हीही एखादं अनोळखी झाड धरा. फळ, पान, देठाची बगल, सगळं बघा. चव मात्र घ्यायची नाही हं! आणि एका भेटीत नाव सांगून मोकळे होऊ नका. मार्चमध्ये मी फळांनाच पानं समजले होते ना!