काळविटामागे कोण धावतं?

सोयाबीनला चार पानं फुटली की लातूर-नांदेडच्या शिवारातून हरणांच्या कळपांच्या तक्रारी सुरू होतात. एका वाचकांनी वैतागून विचारलंय, यांना खाणारं कुणी उरलंच नाही का?

किनवटच्या सागवानी जंगलात उरलंय. तिथे चितळामागे बिबट्या असतो, यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्याकडून अधूनमधून वाघही उतरतो. टिपेश्वरचाच एक वाघ डिसेंबर २०२४ मध्ये थेट धाराशिवच्या येडशी रामलिंग अभयारण्यात कॅमेऱ्यात दिसला आणि मराठवाड्याला बोलायला दुसरा विषय राहिला नाही. पण सोयाबीन खुडणारं हरीण म्हणजे बहुतेक काळवीट. ते उघड्या माळाचं जनावर, वाघाशी त्याची गाठ क्वचितच पडते.

काळवीट ताशी ८० किलोमीटरपर्यंत पळतं. माळावर आज उरलेल्या लांडग्याला हुलकावणी द्यायला इतका वेग कशाला हवा? अमेरिकेतल्या प्राँगहॉर्न या हरणासारख्या प्राण्याबाबत प्राणिशास्त्रज्ञ जॉन बायर्स यांना हाच प्रश्न पडला. त्यांचं उत्तर असं, की तिथला चित्त्यासारखा शिकारी हिमयुगाच्या अखेरीस संपला, वेग तेवढा मागे राहिला. चोर मेला, कुलूप दारावर तसंच! आपला चोर तर कालपरवा गेला. छत्तीसगडमधल्या कोरिया संस्थानच्या महाराजांनी १९४७ च्या सुमारास तीन चित्ते मारले, ते देशातले शेवटचे मानले जातात. १९५२ मध्ये चित्ता नामशेष झाल्याचं जाहीर झालं. (कोल्हापूर दरबारात पाळीव चित्ते काळविटावर सोडत. देशी चित्ते मिळेनासे झाल्यावर ते आफ्रिकेतून आणवले, पण शौक सुटला नाही.)

राहता राहिला लांडगा. जेमतेम वीस किलोचा हा गडी शर्यतीत हरणारच, म्हणून तो डाव टाकतो. एक जण कळप हुसकावतो, दुसरा ओढ्याच्या आडोशाला दबा धरतो. मादी पाडसाला पहिले काही दिवस गवतात दडवून ठेवते, ते लांडग्या-कोल्ह्यांच्याच भीतीनं. गुजरातेतल्या वेळावदरला वन्यजीव शास्त्रज्ञ यादवेंद्रदेव झाला यांनी लांडगा-काळवीट या जोडीचा बारकाईनं अभ्यास केला. वाघावर खर्ची पडणाऱ्या शाईचा दहावा हिस्सा तरी लांडग्याला मिळायला हवा होता.

लांडगे वाढले की सोयाबीन वाचेल, असं कुणी सांगितलं तर मात्र विश्वास ठेवू नका. माळ नांगरले गेले, लांडग्याची बिळं गेली, आणि हरणांना आयता हिरवा चारा मिळाला. हे गणित एकट्या लांडग्यानं उलटणारं नाही.

लांडग्यानं शेळी मारली तर वनविभाग भरपाई देतो, हरणांनी खाल्लेल्या पिकाचीही देतो. तेव्हा मेलेल्या शेळीवर विष टाकू नका. आधी वनरक्षकाला कळवा आणि पंचनामा करून घ्या.