आग्रा रोडवरून दिसणारा मोटार बाजार : देशी उत्पादन, आयात आणि महाराष्ट्र

मोटार बाजारातील देशी आणि आयात वाहनांची स्पर्धा हा विषय सहसा दोन झेंड्यांमधला सामना म्हणून मांडला जातो. प्रत्यक्षात भारतातील ही स्पर्धा ग्राहकाच्या आवडीनिवडीने जितकी घडवली, त्याहून अधिक ती सीमाशुल्क, परवाने आणि सुट्या भागांचा पुरवठा या तीन गोष्टींनी घडवली आहे. तिचा इतिहास अभ्यासायचा तर महाराष्ट्राइतके भरघोस उदाहरण देशात क्वचितच सापडेल, कारण परदेशी मोटारींची जुळणी, पहिले देशी कारखाने, जागतिक कंपन्यांचे आगमन आणि त्यांतील काहींचे निर्गमन, या साऱ्या घडामोडी याच राज्यात घडल्या.

ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यातील वाशिंद या इतिहासाच्या ऐन वाटेवर आहे. गावालगतचा मुंबई–आग्रा महामार्ग कसारा घाट चढून इगतपुरीला पोहोचतो, तेथे महिंद्राचा इंजिन कारखाना आहे, आणि पुढे नाशिकला त्याच कंपनीच्या मोटारी तयार होतात. विरुद्ध दिशेला, लोकलच्या टप्प्यात, कल्याण–डोंबिवली परिसरात प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना होता आणि तेथे नव्वदच्या दशकात फ्रेंच प्यूजो मोटार तयार झाली. खुद्द वाशिंदमध्ये जस्तलेपित आणि रंगलेपित पोलादी पत्रे तयार करणारा ज्या जिंदाल उद्योगसमूहाचा कारखाना आहे, तोच जेएसडब्ल्यू समूह आज चिनी भागीदाराबरोबर मोटार व्यवसायात उतरला आहे.

संरक्षणाची तीन दशके

मुंबईत शिवडी येथे १९२८ साली जनरल मोटर्सने मोटारींची जुळणी सुरू केली. जुळणी म्हणजे परदेशातून सुट्या भागांचे संच आणून येथे केवळ ते जोडणे. उद्योगाच्या भाषेत अशा संचाला सीकेडी, तर पूर्ण तयार होऊन आलेल्या गाडीला सीबीयू म्हणतात, आणि हा भेद पुढील शंभर वर्षांच्या धोरणाचा कणा ठरला. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली, १९४५ मध्ये आजच्या महिंद्रा अँड महिंद्राचा पाया घातला गेला, आणि स्वातंत्र्याच्या सुमारास दोन्ही कंपन्या अमेरिकी गाड्यांच्या जुळणीतूनच उभ्या राहिल्या. प्रीमियरकडे क्रायस्लर समूहाच्या मोटारी होत्या, तर महिंद्राकडे विलीज जीप.

निर्णायक वळण १९५३ मध्ये आले. टॅरिफ कमिशनच्या शिफारशीनुसार, ज्या कंपन्यांकडे भारतात टप्प्याटप्प्याने प्रत्यक्ष उत्पादन करण्याचा कार्यक्रम नाही त्यांनी जुळणी बंद करावी, असे धोरण सरकारने स्वीकारले आणि जनरल मोटर्स व फोर्ड यांनी भारतातून गाशा गुंडाळला. मैदान प्रीमियर, हिंदुस्थान मोटर्स, मद्रासची स्टँडर्ड आणि जीपपुरते महिंद्रा यांना मोकळे झाले. या संरक्षणाने दोन परस्परविरोधी फळे दिली. एकीकडे इंजिनाचे ओतकाम, गिअर, स्प्रिंग, घडीव भाग बनवणारा पुरवठादारांचा वर्ग मुंबई–पुणे पट्ट्यात उभा राहिला. दुसरीकडे स्पर्धेची धास्ती नसल्याने फियाट ११००चा तोच मूळ आराखडा प्रीमियर पद्मिनीच्या रूपाने दशकानुदशके चालत राहिला आणि ग्राहकाला नोंदणी करून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागली. मुंबईच्या रस्त्यावर ही गाडी टॅक्सी म्हणून इतकी टिकली की शेवटच्या नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सीची मुदत २९ ऑक्टोबर २०२३ रोजी संपली.

दार किलकिले होते

१९८१ मध्ये स्थापन झालेल्या मारुती उद्योगाने सुझुकीशी करार करून डिसेंबर १९८३ मध्ये पहिली मोटार दिली, तेव्हा तिच्यातील बहुतेक भाग जपानमधून येत होते. मात्र परवान्याबरोबर स्थानिकीकरणाचे, म्हणजे आयात भागांच्या जागी देशात बनलेले भाग वापरण्याचे, टप्पे बांधून दिलेले होते आणि १९८५ नंतर येन महागल्याने आयात भाग परवडेनासे झाले. सरकारी अट आणि चलनाचा रेटा एकाच दिशेने काम करू लागल्यावर भारतीय पुरवठादारांना जपानी गुणवत्तेची शिस्त लागली, हा या प्रयोगाचा सर्वांत टिकाऊ लाभ होय.

१९९३ मध्ये मोटार उत्पादनावरील परवाना पद्धत उठली आणि परदेशी कंपन्यांची रीघ लागली. प्रीमियरने कल्याणच्या कारखान्यात प्यूजो ३०९ काढली, पण कामगार तंटे आणि भागीदारांतील बेबनाव यांत हा उपक्रम दशक संपण्यापूर्वीच आटोपला. केवळ परदेशी बोधचिन्ह आणून बाजार जिंकता येत नाही, हा धडा ठाणे जिल्ह्याने इतक्या जवळून घेतला.

कंपन्यांनी नुसत्या जुळणीवर भागवू नये म्हणून डिसेंबर १९९७ मध्ये केंद्राने अट घातली की, सुट्या भागांचे संच आयात करणाऱ्या प्रत्येक कंपनीने तिसऱ्या वर्षापर्यंत ५० टक्के आणि पाचव्या वर्षापर्यंत ७० टक्के स्थानिकीकरण साधावे. युरोपीय समुदाय आणि अमेरिका यांनी ही अट जागतिक व्यापार संघटनेत नेली व भारताविरुद्ध निर्णय मिळवला. दरम्यान एप्रिल २००१ पासून संख्यात्मक निर्बंध, म्हणजे परवान्याशिवाय वस्तू आणता न येण्याची बंधने, उठली आणि नवी तयार मोटार न्हावा शेवासारख्या बंदरांतून आणणे कायद्याने खुले झाले. तेव्हापासून संरक्षणाची सगळी भिस्त सीमाशुल्कावर आहे.

सीमाशुल्काचे गणित

हे शुल्क कसे काम करते, हे एका कल्पित हिशेबाने स्पष्ट होईल. बंदरात उतरताना २० लाख रुपये मूल्य असलेल्या मोठ्या मोटारीवर ७० टक्के मूळ सीमाशुल्क धरले, तर १४ लाखांची भर पडून मूल्य ३४ लाख होते. त्या ३४ लाखांवर ४० टक्के जीएसटी लागल्यावर रक्कम ४७ लाख ६० हजारांवर जाते, आणि विक्रेत्याचा नफा, नोंदणी व विमा अजून बाकीच असतो. म्हणजे शुल्कावरही कर बसतो आणि आयातीचा बोजा दुहेरी होतो. तीच गाडी सुट्या भागांच्या संचाच्या रूपात आली आणि इंजिन व गिअरबॉक्स आधीच जोडलेले नसले, तर मूळ शुल्क १५ टक्क्यांच्या घरात राहते; ते जोडलेले असतील तर ३५ टक्के लागते. चाळीस हजार डॉलरपेक्षा महाग तयार मोटारीवर २०२५च्या अर्थसंकल्पानंतर मूळ शुल्क व उपकर मिळून बोजा ११० टक्के आहे.

या पायऱ्यांमुळेच महागड्या मोटारींच्या कंपन्या पुण्याकडे वळल्या. मर्सिडीज-बेंझने १९९५ मध्ये टेल्कोच्या (आजच्या टाटा मोटर्सच्या) आवारात जुळणी सुरू केली आणि २००९ मध्ये चाकणला स्वतःचा कारखाना उभारला. रेंज रोव्हर ही इंग्लंडबाहेर कधीच न बनलेली गाडी २०२४ मध्ये पुण्यात जुळवली जाऊ लागली, तेव्हा तिची किंमत सुमारे पाचव्या हिश्शाने उतरली. पायऱ्या आल्या की सीमारेषेवरचे वादही येतात. स्कोडा ऑटो फोक्सवॅगन इंडियाने आणलेले भाग सुटे मानायचे की संच, या प्रश्नावर सीमाशुल्क विभागाने सप्टेंबर २०२४ मध्ये सुमारे १.४ अब्ज डॉलरची मागणी करणारी नोटीस काढली, आणि वर्गीकरण योग्य असल्याचे सांगत कंपनीने मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली. मोटार किती देशी आणि किती परदेशी, हा प्रश्न आता न्यायालयात मोजला जाणारा प्रश्न झाला आहे.

कारखान्याच्या आत

पुण्याजवळच्या रांजणगाव येथील फियाट आणि टाटा यांच्या संयुक्त कारखान्यात हा प्रश्न किती गुंतागुंतीचा आहे ते दिसते. येथे अमेरिकी बोधचिन्हाची जीप कंपास आणि टाटांची नेक्सॉन या दोन्ही मोटारी तयार झाल्या. येथेच बनलेले दोन लिटरचे डिझेल इंजिन कंपासमध्ये बसले, टाटा हॅरियरमध्ये बसले आणि मूळचे ब्रिटिश नाव पण चिनी मालकी असलेल्या एमजी हेक्टरमध्येही बसले. तिन्ही मोटारी एकमेकींच्या स्पर्धक, पण त्यांचे इंजिन मात्र एकाच आवारातले. खेड्यापाड्यांतली ट्रॅक्स घडवणारी फोर्स मोटर्स चाकणला मर्सिडीजसाठी इंजिने जुळवते, हेही याच साखळीचे उदाहरण.

खऱ्या अर्थाने देशी आराखड्याची मोटार उभारण्याचे धाडस दोन कंपन्यांनी केले. टाटांनी सुमारे १७०० कोटी रुपये गुंतवून, ऑस्ट्रेलियातील निस्सानचा बंद कारखाना विकत घेऊन, त्याची यंत्रे पिंपरी-चिंचवडला आणली आणि इंडिका १९९८ मध्ये बाजारात उतरवली. महिंद्राने २००२ मध्ये नाशिकमधून स्कॉर्पिओ आणली. इंडिकाच्या पहिल्या गाड्यांबद्दल तक्रारी झाल्या व कंपनीने त्या सुधारल्या. देशी आराखड्याचे मोल यातच आहे की, दोष दुरुस्त करण्याचे ज्ञान कंपनीच्या हाती राहते. याउलट २००८ मध्ये तळेगावला कारखाना काढणाऱ्या जनरल मोटर्सने २०१७ अखेर देशांतर्गत विक्री थांबवली आणि २०२० अखेर उत्पादन बंद केले. चीनच्या ग्रेट वॉलने तो कारखाना घेण्याचा करार केला. पण भारताशी भूसीमा असलेल्या देशांतील गुंतवणुकीला सरकारी मंजुरी सक्तीची झाल्याने तो व्यवहार २०२२ मध्ये बारगळला आणि अखेरीस कारखाना कोरियाच्या ह्युंदाईकडे गेला.

शहापूर-मुरबाडचे गिऱ्हाईक

आयात मोटारीची चर्चा महानगरात रंगते. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत निवड वेगळ्या कसोट्यांवर होते. डोळखांब, किन्हवली, सरळगाव, टोकावडे या बाजूंना पावसाळ्यात रस्त्यांची चाळण होते, त्यामुळे गाडीचा पोटाखालचा उठाव, दणकट पाटे आणि चढावर न दमणारे इंजिन यांना महत्त्व येते. भेंडी आणि भाजीपाला बाजारात पोहोचवायचा तर पिकअप किंवा २००५ मध्ये आलेला टाटा एस, ज्याला सगळे छोटा हत्तीच म्हणतात, तो हवा. शिवाय गाडी बंद पडली तर महामार्गावरच्या गॅरेजमध्ये ती उघडता आली पाहिजे आणि तिचा भाग कल्याण-भिवंडीत त्याच दिवशी मिळाला पाहिजे. धंद्याच्या गाडीचा एक दिवस उभे राहण्याचा खर्च मालकालाच सोसावा लागतो. म्हणून येथे बोलेरो, इको, स्कॉर्पिओ, टाटांच्या गाड्या यांची चलती आहे आणि परदेशी नावाची गाडीही चालते ती तिचे भाग देशात बनतात म्हणूनच. ग्रामीण प्रवासी वाहतुकीत एकेकाळी लोकप्रिय असलेल्या, जनरल मोटर्सच्या शेवरोले टवेराची विक्री कंपनीबरोबरच थांबली, तेव्हा गाडीइतकीच कंपनीची मुळेही तपासावी लागतात हे या धंद्यातल्यांना कळून चुकले.

देशाच्या आकडेवारीतही हेच चित्र उमटते. २०२४-२५ मध्ये सुमारे ४३ लाख प्रवासी वाहने देशात विकली गेली आणि सुमारे ७ लाख ७० हजार निर्यात झाली, तर महागड्या मोटारींची वार्षिक विक्री ५० हजारांच्या आसपास आहे आणि त्यातलाही मोठा भाग येथेच जुळवला जातो. थेट आयात मोटारीचा वाटा नगण्य असतानाही तिची भीती मोठी आहे, ती शुल्काची भिंत उतरली तर काय होईल या शंकेमुळे.

विजेच्या मोटारीने बदललेला प्रश्न

ही शंका विजेवरच्या मोटारींनी अधिक गंभीर केली आहे. टेस्लाने जुलै २०२५ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात पहिले दालन उघडले आणि शांघायमध्ये बनलेली गाडी सुमारे ६० लाखांना विक्रीस ठेवली. त्याच रकमेत देशी बनावटीच्या दोन मोठ्या विजेच्या गाड्या येतात. मार्च २०२४च्या केंद्रीय योजनेनुसार किमान ४१५० कोटी रुपये गुंतवून येथे कारखाना काढणाऱ्या कंपनीला ३५ हजार डॉलर व त्यावरील मूल्याच्या, वर्षाला जास्तीत जास्त ८ हजार विजेच्या गाड्या १५ टक्के शुल्कात आणण्याची सवलत देऊ करण्यात आली. जेएसडब्ल्यूने २०२३ मध्ये एमजी मोटर इंडियात ३५ टक्के भागभांडवल घेण्याचा करार केला, म्हणजे पोलादाच्या पत्र्यापासून सुरू झालेला समूह चिनी तंत्रज्ञानाच्या मोटारीपर्यंत पोहोचला.

अडचण अशी की, विजेच्या मोटारीत किमतीचा सर्वांत मोठा हिस्सा बॅटरीचा असतो आणि बॅटरीतील सेल, म्हणजे वीज साठवणारे मूळ घटक, आजही प्रामुख्याने आयात होतात. एप्रिल २०२५ मध्ये चीनने दुर्मीळ मृदा धातूंपासून बनणाऱ्या चुंबकांच्या निर्यातीवर निर्बंध घातले, तेव्हा देशी मोटारींच्या कारखान्यांनाही धडकी भरली, कारण हे चुंबक मोटार फिरवणाऱ्या यंत्राचा गाभा असतात. सरकारच्या उत्पादनाधारित प्रोत्साहन योजनेत किमान ५० टक्के देशी मूल्यवर्धनाची अट आहे, ती याच कारणाने. १९९७ची अट सक्ती म्हणून रद्द झाली आणि तोच विचार आता अनुदानाची पात्रता म्हणून परत आला आहे.

करार आणि पुढची दिशा

जुलै २०२५ मध्ये ब्रिटनशी झालेल्या करारात ठरावीक संख्येपुरते मोटारींवरील शुल्क टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांपर्यंत आणण्याचे ठरले, आणि युरोपीय संघाशी झालेल्या बोलण्यांतही मोटारीवरील शुल्क हा कळीचा मुद्दा राहिला. सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारींवरील जीएसटी १८ टक्के, मोठ्यांवर ४० टक्के आणि विजेच्या मोटारींवर ५ टक्के असल्याने सर्वसामान्यांच्या गाडीला करव्यवस्थेचे पाठबळ आहे, आणि कोटा पद्धतीने येणाऱ्या महागड्या युरोपीय गाड्यांचा तिला थेट धक्का बसण्याची शक्यता कमी आहे. खरा ताण चाकण-पुण्याच्या जुळणी कारखान्यांवर आणि त्यांना भाग पुरवणाऱ्या मध्यम उद्योगांवर येईल, कारण तयार गाडी आणणे स्वस्त पडू लागले तर येथे जुळणी करण्याचे कारणच उरणार नाही.

शंभर वर्षांच्या या आढाव्यातून निष्कर्ष स्पष्ट आहे. नुसत्या भिंतीने पद्मिनीसारखी अचल गाडी दिली, नुसत्या उघड्या दाराने प्यूजो आणि शेवरोलेसारखे अल्पजीवी पाहुणे दिले. टप्पे आखून, मुदत बांधून, शिकण्याची सक्ती करत दार उघडले तेव्हाच मारुतीचे पुरवठादार, इंडिका आणि स्कॉर्पिओ घडले. म्हणून शुल्क कमी व्हायला हरकत नाही, मात्र प्रत्येक कपातीबरोबर बॅटरीचे सेल, चुंबक आणि आराखडा हे तीन घटक देशात उभे करण्याचा कालबद्ध कार्यक्रम जाहीर झाला पाहिजे, आणि शहापूर-मुरबाडच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून बाहेर पडणाऱ्या मुलांना विजेच्या मोटारीची दुरुस्ती शिकवली गेली पाहिजे. गाडी घेणाऱ्या वाचकानेही बोधचिन्हाआधी तीन प्रश्न विचारावेत: तिचे इंजिन किंवा बॅटरी कोठे बनते, तिचे भाग तालुक्याच्या जवळ मिळतात का, आणि ती बनवणारी कंपनी दहा वर्षांनी येथे असेल का. ज्या मोटारीला या तिन्ही प्रश्नांची समाधानकारक उत्तरे देता येतात तीच देशी, मग तिचे नाव कोणत्याही भाषेतले असो.