बदलापूर ते क्रॉस मैदान : भर पावसातली कांगा लीग

पावसाळ्यातल्या रविवारी सकाळी बदलापूर स्थानकात रोजची गर्दी नसते. ऑफिसवाल्यांना सुट्टी, दुकानदारांनाही घाई नसते. अशा वेळी फलाटावर हमखास दिसतात ती खांद्याएवढ्या किटबॅगा सांभाळणारी पोरं. बॅगेवर प्लास्टिक गुंडाळलेलं, बॅटच्या मुठीला वेगळी पिशवी बांधलेली आणि सगळ्यांची नजर आभाळाकडे. गाडी अंबरनाथला थांबते, तिथून एखाद-दुसरी बॅग वाढते. उल्हासनगरला आणखी एक. सीएसएमटीपर्यंतचं ६८ किलोमीटरचं अंतर कापायला दीड तासाच्या आसपास लागतो. तिथे पोचल्यावर सामना होईल की नाही, हे निघताना कोणीच सांगू शकत नाही. तरीही मुलं निघतात, कारण सामना कांगा लीगचा असतो.

गावोगावी पावसाळ्यात मैदानं गुरांना चरायला मोकळी होतात आणि क्रिकेटचं सामान माळ्यावर जातं. मुंबईत मात्र खरा सीझन सुरू होण्याआधी, दिवाळीच्या बऱ्याच अलीकडे, ऐन पाण्यापावसात ही स्पर्धा रंगते. डॉ. एच. डी. कांगा क्रिकेट लीग १९४८ साली सुरू झाली. ज्यांच्या नावाने ती ओळखली जाते ते डॉ. होरमसजी कांगा पेशाने डॉक्टर आणि पारशी संघाचे नावाजलेले फलंदाज होते. पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली १९११ साली जो पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला, त्यात ते होते. पळवणकर बाळू यांनी आपल्या डावखुऱ्या फिरकीने इंग्रजांना चकित केलं तो हाच दौरा.

या स्पर्धेमागचा विचार विजय मर्चंट यांनी उचलून धरला होता. आपले फलंदाज कोरड्या, टणक खेळपट्टीवर धावांच्या राशी रचत आणि इंग्लंडच्या ओल्या विकेटवर उभे राहिले की गडबडून जात. लीग सुरू झाल्यानंतरही, १९५२ साली, मँचेस्टरला भारताचा संघ एकाच दिवसात दोनदा बाद झाला, ५८ आणि ८२ धावांत. त्याच दौऱ्यात लीड्सला दुसऱ्या डावात शून्यावर चार गडी गेले होते. ओल्या खेळपट्टीची सवय व्हायची तर ती घरच्याच मैदानावर व्हायला हवी, आणि मुंबईला पाणी आयात करावं लागत नव्हतं.

म्हणून कांगा लीगचा पहिला नियम आजही तोच आहे : खेळपट्टी झाकायची नाही.

या एका नियमाने सगळा खेळ बदलतो. रात्रभर पाऊस पडून गेला की सकाळी माळी पोत्याने पाणी टिपतो, लाकडाचा भुसा टाकतो. कर्णधार खेळपट्टीवर अंगठा दाबून बघतो. अंगठा रुतला आणि माती चिकट लागली, तर चेंडू पडून घसरेल, खाली राहील. ऊन पडलं की खरी परीक्षा. वरचा पापुद्रा सुकतो, आत ओल तशीच राहते. मग तोच चेंडू टप्पा पडल्यावर क्षणभर थांबतो, माती उचलतो आणि कधी बोटांवर, कधी छातीवर येतो. पुढे झेपावून ड्राइव्ह मारणारा इथे दहा मिनिटं टिकत नाही. चेंडू अगदी उशिरा खेळायचा, हात सैल ठेवायचे, बॅट अंगाजवळ धरायची. जमिनीवरून मारलेला फटका घोट्याएवढ्या गवतात अडकतो, त्यामुळे धावा हव्या असतील तर चेंडू हवेतूनच मारावा लागतो. गोलंदाजाचेही हाल कमी नाहीत. भिजलेला चेंडू जड होतो, शिवण बोटांत बसत नाही, धाव घेताना पाय घसरतो. अशा चेंडूवर ताबा मिळवून ज्यांनी या लीगमध्ये वर्षानुवर्षं बळी घेतले, त्यांत शिवाजी पार्क जिमखान्याच्या पद्माकर शिवलकरांचं नाव पहिल्या ओळीत येतं. भारतासाठी एकही कसोटी खेळायला न मिळालेला हा डावखुरा फिरकीपटू मुंबईच्या ओल्या मैदानांवर राजासारखा वावरला.

सामना एका दिवसाचा, पण डाव दोन-दोन. पाऊस कधीही येईल म्हणून कर्णधाराला घड्याळ आणि ढग दोन्ही बघत डाव घोषित करावा लागतो. ‘ए’पासून ‘जी’पर्यंत सात विभाग, वरच्यांना बढती, तळाच्यांची घसरण. आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल, शिवाजी पार्क, माटुंगा अशा मैदानांवर एकाच वेळी सामने चालतात. आझाद मैदानात खेळपट्ट्या इतक्या जवळजवळ आहेत की एका सामन्यातला कव्हरचा खेळाडू दुसऱ्या सामन्यातल्या लाँग ऑनच्या पाठीला पाठ लावून उभा असतो. दादर युनियन आणि शिवाजी पार्क जिमखाना यांची चुरस तर पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. दादर युनियनकडे माधव मंत्री, वासू परांजपे, सुनील गावस्कर, दिलीप वेंगसरकर. शिवाजी पार्ककडे विजय मांजरेकर, अजित वाडेकर, संदीप पाटील. ऑगस्ट १९७१मध्ये लंडनच्या ओव्हलवर भारताने इंग्लंडला पहिल्यांदा त्यांच्या भूमीत हरवलं, तेव्हा अकरांत सहा जण मुंबईचे होते : वाडेकर, गावस्कर, सरदेसाई, अशोक मंकड, सोलकर आणि फारुख इंजिनिअर. त्यांतल्या एकनाथ सोलकरांचे वडील हिंदू जिमखान्याच्या मैदानाची देखभाल करत. १९८४ साली जॉन ब्राइट क्लबकडून याच लीगमध्ये अकरा वर्षांचा सचिन तेंडुलकर उतरला.

ही नावं दादर-माटुंग्याची, वांद्र्याची. मग बदलापूरच्या फलाटावरची किटबॅग कुठून आली?

मुंबई क्रिकेट संघटनेची हद्द शहराच्या वेशीवर संपत नाही. पश्चिम रेल्वेवर ती डहाणूपर्यंत जाते, मध्य रेल्वेवर बदलापूरपर्यंत. पुढे नेरळ-कर्जत लागलं की रायगड जिल्हा आणि महाराष्ट्र क्रिकेट संघटनेचा मुलूख. म्हणजे ४२ वेळा रणजी जिंकणाऱ्या मुंबईच्या संघाचं दार या मार्गावर बदलापूरच्या पोरांसाठी उघडं आहे, पण ते ठोठावायला रोज गाडी पकडावी लागते. लीग सुरू झाली त्याच्या पुढच्याच वर्षी, ८ ऑगस्ट १९४९ रोजी, कल्याणच्या लष्करी छावणीतल्या सिंधी निर्वासितांच्या वस्तीला ‘उल्हासनगर’ हे नाव मिळालं. तिथले पत्ते अजूनही कॅम्प नंबरने सांगितले जातात. अंबरनाथ काडेपेटीच्या आणि आयुध निर्माणीच्या कारखान्यांभोवती वाढलं, बदलापूर परवडणाऱ्या घरांमुळे. मोकळी जागा कमी होत गेली आणि टर्फ विकेटचा सराव हवा तर मुंबईची वाट धरणं आलं.

त्यात लीगचा वार रविवार, आणि मध्य रेल्वेवर रविवार म्हणजे मेगाब्लॉक. सकाळची गाडी मिळते. परतताना ब्लॉकमुळे उशिरा धावणाऱ्या लोकलच्या मालडब्यात, मासळीच्या टोपल्यांशेजारी किटबॅग उभी करून यावं लागतं. पाऊस फार झाला तर रूळच पाण्याखाली जातात. २७ जुलै २०१९ रोजी, शनिवारी, उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीदरम्यान अडकली आणि हजारावर प्रवाशांना बोटींनी सुखरूप काढावं लागलं. खेळपट्टीला चिकट बनवणारा पाऊस इथल्या खेळाडूला आधी रुळांवर गाठतो.

या फलाटावर आता मुलींच्याही किटबॅगा दिसाव्यात, हा आग्रह धरायला हवा. मुंबईत आलू बमजी यांनी १९६९ साली मुलींसाठी ‘अल्बीज’ हा क्लब काढला. १९७३ साली महिलांची पहिली आंतरराज्य स्पर्धा पुण्यात झाली ती जेमतेम तीन संघांची : मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. तिथून २ नोव्हेंबर २०२५ला नेरूळच्या डी. वाय. पाटील मैदानावर भारताच्या मुलींनी विश्वचषक उचलला. उपांत्य फेरीत ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७ धावा काढणारी जेमिमा रॉड्रिग्ज मुंबईची, आणि संघाचे प्रशिक्षक अमोल मुझुमदारही मुंबईच्याच मैदानांवर घडलेले. ओल्या विकेटवर उशिरा खेळण्याची शिकवण मुलींच्या वाट्यालाही मुलांइतकीच यायला हवी, आणि तीही शेवटच्या स्थानकापर्यंत.

रविवारी रात्री गाडी बदलापूरला रिकामी होते. दारात बॅग टेकवली की आधी बूट निघतात. खिळ्यांत अडकलेला क्रॉस मैदानाचा चिखल काडीने काढला जातो, बुटांत जुनी वर्तमानपत्रं कोंबली जातात, पॅड पंख्याखाली भिंतीला उभे राहतात. हवा दमट असल्याने वर्तमानपत्र दर रात्री बदलावं लागतं; पुढच्या रविवारपर्यंत बूट वाळले पाहिजेत.