पेंडीत तेल ओतून फॅट वाढते का?



उन्हाळा तापला की संकलन केंद्रावर एकच बोलणं ऐकू येतं : "दूध तेवढंच आहे, पण फॅट लागत नाही." गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून ठरतो. त्याच्या खाली गेलं की दर कापला जातो. मग कोणीतरी सल्ला देतं, "आंबोणात तेल ओता, सरकी वाढवा." तसं केल्यावर बऱ्याचदा फॅट आणखी उतरते. पैसा जातो तो वेगळाच.

*असं का होतं?*
दुधातली साधारण निम्मी फॅट वैरणीतून तयार होते. कोठीपोटातले जीवाणू कडब्यातला चोथा कुजवून आम्ल बनवतात आणि त्यापासून कास फॅट तयार करते. तेल जास्त झालं की हे जीवाणू दबतात आणि चोथा पचत नाही. शिवाय अर्धवट बदललेली स्निग्धाम्लं कासेपर्यंत पोचतात आणि तिथलं फॅट बनवण्याचं काम मंदावतं.

*हिशोब करून बघू*
१५ लिटरची संकरित गाय दिवसाला साधारण १२ किलो कोरडं खाद्य खाते (हिरव्या चाऱ्यातलं पाणी वगळून). त्यात स्निग्धांश ६ टक्क्यांच्या वर जाऊ नये, म्हणजे जास्तीत जास्त ७२० ग्रॅम.
▪️ ८ किलो वैरण, २ टक्के धरून : १६० ग्रॅम
▪️ ४ किलो गोळीपेंड, ४ टक्के धरून : १६० ग्रॅम
झाले ३२० ग्रॅम. अख्ख्या सरकीत १८ ते २० टक्के तेल असतं. यावर २ किलो सरकी घातली, की आकडा ७०० च्या आसपास गेला. त्यात पुन्हा वाटीभर तेल ओतलं, तर मर्यादा ओलांडलीच.

*आपल्याकडचा चारा आणि पेंड*
🌾 मालदांडीच्या कडब्यात स्निग्धांश जेमतेम १ ते २ टक्के, पण चोथा भरपूर. फॅटचा खरा कारखाना हाच. पाला झडू देऊ नका, कारण जो काही स्निग्धांश आहे तो जास्त करून पाल्यात असतो.
🌾 घाण्याच्या पेंडीत ६ ते ८ टक्के तेल राहतं, तर तेल पूर्ण काढलेल्या डीओसीत साधारण १ टक्का. पेंड घेताना कोणती आहे ते विचारा.
🌾 करडईच्या तेलात तीन चतुर्थांश लिनोलिक आम्ल असतं. असं तेल उन्हात लवकर खवट होतं. आपल्या ४० अंशांच्या उन्हाळ्यात पेंडीचा मोठा साठा करू नका. खवट वास आला तर ती पेंड जनावराला घालू नका.

*मग करायचं काय?*
✅ कुट्टी एक ते दीड इंचाची ठेवा. भुगा केला तर रवंथ कमी होतो, फॅटही घटते.
✅ उन्हात गाय वैरण कमी खाते. म्हणून जास्त वैरण पहाटे आणि रात्री टाका.
✅ सरकी दिवसाला १ किलोच्या आत ठेवा. सुटं तेल ओतू नका.
✅ नुकत्याच व्यालेल्या, जास्त दुधाच्या गाईला बायपास फॅट १०० ते १५० ग्रॅम, तेही डॉक्टरांना विचारून. ती कोठीपोटात विरघळत नाही, त्यामुळे जीवाणूंना त्रास होत नाही.
✅ खाद्यात बदल करायचा तर आठ-दहा दिवसांत हळूहळू करा.

आज गोळीपेंडीच्या पोत्यावरचा 'क्रूड फॅट'चा आकडा बघा आणि वरचा हिशोब आपल्या गाईसाठी मांडा. अडलं तर लेबलचा फोटो ग्रुपवर टाका, मिळून बघू.