तेल गळतंय? म्हणजे इंजिनात तेल आहे!

जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्‌स कारवाल्यांचं हे ठरलेलं उत्तर. समोर जपानी माझदा एमएक्स-५ वाला असला की तो आधी तुमच्या गाडीखाली वाकून बघणार, मग चिडवणार. ब्रिटिशवालाही सोडत नाही: "तुझ्या गाडीचं बॉनेट उघडावंच लागत नाही, मग तुझी तिच्याशी ओळख कशी होणार?"

ओळख व्हायला ब्रिटिश एमजीबी घ्या. १९६२ ते १९८० या काळात पाच लाखांहून जास्त बनल्या. तिच्या जोड-कार्ब्युरेटरवरची छोटी टोपी फिरवून काढली की पितळी दांडी बाहेर येते. आत चमचाभर तेल कमी झालं असेल, तर ॲक्सिलरेटर दाबताच गाडी अडखळते. मालक ते तेल स्वतः घालतो आणि तासभर त्यावरच बोलतो. मला हे मनापासून आवडतं.

पण खरी गंमत पुढे आहे. १९८९ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात आलेली एमएक्स-५ ब्रिटिश परंपरेतच घडली. पुढे इंजिन, मागच्या चाकांना ताकद, दोन सीट, वजन कमी, हीच जुनी मांडणी. माझदाच्या इंजिनिअरांनी १९६२ च्या लोटस एलानचा बारकाईने अभ्यास केला होता. सायलेन्सरचा आवाजसुद्धा मुद्दाम जुळवून घेतला! २०१६ पर्यंत दहा लाख एमएक्स-५ बनल्या.

जपानीवाल्यांना गप्प करायचंय? चाकांजवळच्या पत्र्याचा गंज दाखवा.